राऊटरचा अडॅप्टर बदलून वायफाय कसं सुधारायचं, सोलापूरच्या लाईटीत टिकणारी पद्धत

मी सोलापुरात सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगची कामं करतो, त्यामुळं "वायफायला रेंजच नाही" ही तक्रार रोज कानावर येते, आणि दहातल्या दोन-तीन घरांत तरी दोष अँटेनाचा नसतो, कंपनीच्या लाईनचा पण नसतो, तो असतो भिंतीत खोचलेल्या त्या काळ्या अडॅप्टरचा. लोकं राऊटर बदलतात, रिपीटर आणतात, प्लॅन वाढवतात, आणि अडॅप्टरकडं कुणी बघतच नाही.

पूर्व भागात माझी आत्या राहते, अशोक चौकापासून जवळच, गल्लीत दोन्ही बाजूला पॉवरलूम. आत्याचा फोन आला, "अरे संध्याकाळी सहाच्या पुढं वायफाय नुसतं चालू-बंद होलालंय बघ, पोरांचा अभ्यास बी होईना." लाईनमन दोनदा येऊन गेला होता, राऊटर जुना झालाय, नवीन घ्या म्हणून सांगून गेला. मी गेलो, अडॅप्टरला हात लावला तर चटका बसला आणि कान जवळ नेला तर बारीक चिर्रर्र आवाज. राऊटर तोच ठेवला, फक्त अडॅप्टर बदलला, आणि त्या घरातली कटकट संपली. ते कसं करायचं ते सगळं खाली लिहितोय, मल्टिमीटर असेल तर उत्तम, नसेल तर गल्लीतल्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडं मिळेल.

आधी एक गैरसमज काढून टाका

जास्त व्होल्टचा अडॅप्टर लावला की सिग्नल लांब जातो, असं बरेच जण सांगतात. हे साफ चूक आहे. राऊटरला बाहेरून 12 व्होल्ट दिले तरी आत एक छोटं सर्किट ते कमी करून 3.3 व्होल्ट आणि त्याहून खालचे व्होल्टेज बनवतं, आणि चिप, रेडिओ (म्हणजे वायफायचा सिग्नल सोडणारा भाग) सगळं त्यावर चालतं. किती ताकदीनं सिग्नल सोडायचा हे राऊटरचं सॉफ्टवेअर ठरवतं, त्याला सरकारी मर्यादा पण आहे. म्हणून 12 च्या जागी 15 किंवा 19 व्होल्ट दिले तर रेंज एक इंच वाढणार नाही, आतला कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, मात्र फुटू शकतो, कारण 12 व्होल्टच्या बऱ्याच राऊटरमध्ये इनपुटला 16 व्होल्टपर्यंतच सोसणारा कपॅसिटर असतो. लॅपटॉपचा चार्जर 19 व्होल्टचा असतो आणि काहींची पिन राऊटरमध्ये बसते सुद्धा, तो चुकून पण लावू नका.

अँपिअरचं मात्र उलटं आहे. राऊटर 1 अँपिअरचा असेल आणि तुम्ही 2 अँपिअरचा अडॅप्टर लावला तर काही जळत नाही, राऊटर त्याला पाहिजे तेवढाच करंट ओढतो, उरलेली ताकद अडॅप्टरकडं शिल्लक राहते. म्हणजे व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त. बाकी सगळं याच्या आजूबाजूचं आहे.

मग सुधारतं काय? राऊटरची जी मूळ ताकद आहे ती परत मिळते. लूमवर काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल. मोटारीचा पट्टा घसरायला लागला की माग चालू दिसतो, धोटा पळतो, पण कापडात दोष यायला लागतात. राऊटरचं तसंच होतं. वायफाय जेवढं वेगवान तेवढा त्याला सिग्नल स्वच्छ लागतो, आणि सप्लायमध्ये खरखर असली की ती रेडिओपर्यंत पोचते, डेटाची पाकिटं खराब होतात, राऊटर तीच परत पाठवतो आणि शेवटी स्वतःहून वेग खाली आणतो. फोनवर काड्या पूर्ण दिसतात आणि व्हिडिओ मात्र अडकतो, ते असं.

अडॅप्टर खराब का होतो

आतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेनं वाळतात. जुना ठोकताळा असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. आता आपल्याकडं मे महिन्यात पारा 42-43 ला जातो, वर पत्र्याचं छप्पर, त्यात अडॅप्टर टीव्हीच्या कपाटामागं कोंडलेला आणि चोवीस तास चालू. त्यावर दिवसातून दोन-तीनदा लाईट जाते-येते, आणि लाईट येताना जो झटका येतो तो वेगळाच. लूमच्या गल्लीत अजून एक भर पडते, मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते त्यामुळं क्षणभर व्होल्टेज खाली बसतं, आणि चांगला अडॅप्टर असा खड्डा सहज पचवतो, कपॅसिटर वाळलेला अडॅप्टर पचवू शकत नाही.

पहिली पायरी: दोष पॉवरचाच आहे का ते बघा

हे केल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. राऊटरपासून पाच-सहा फुटांवर उभं राहा, मध्ये भिंत नको. तिथं वायफाय झकास चालतंय आणि फक्त माडीवर किंवा मागच्या खोलीत येत नाही, असं असेल तर तो जागेचा प्रश्न आहे, अडॅप्टर बदलून काही होणार नाही. राऊटर लोखंडी कपाटावरून, पाण्याच्या टाकीशेजारून काढा, घराच्या मध्यावर उंच ठेवा, विषय संपला.

पण जवळ उभं राहून सुद्धा अडकत असेल तर पुढं चला. ब्राऊझरमध्ये 192.168.0.1 किंवा 192.168.1.1 टाका, नक्की आकडा राऊटरच्या खाली स्टिकरवर असतो, आणि लॉगिन करून स्टेटस पानावर 'अपटाईम' बघा, म्हणजे राऊटर सलग किती वेळ चालू आहे ते. लाईट गेलेली नसताना हा वेळ पंधरा मिनिटं, चाळीस मिनिटं असा दिसत असेल तर राऊटर आपोआप बंद पडून चालू होतोय, आणि तेव्हा पहिला संशय अडॅप्टरवर घ्या. आत्याकडं अपटाईम 22 मिनिटं होता आणि लाईट सकाळपासून गेली नव्हती.

अजून खुणा सांगतो. 5 गिगाहर्ट्झचं नेटवर्क गायब होतं आणि 2.4 वालं राहतं. घरातले सगळे फोन एकदम चालू झाले की बंद पडतं, कारण तेव्हा राऊटर जास्त करंट ओढतो. पेनड्राईव्ह किंवा हार्डडिस्क राऊटरला लावली की लटकतं. अडॅप्टरमधून आवाज येतो, प्लास्टिक पिवळट पडलंय किंवा वास येतो. यातल्या दोन गोष्टी जरी जुळल्या तरी पुढची पायरी करण्यासारखी आहे. फायबरवाल्यांनी एक लक्षात ठेवा, डब्यावर 'लॉस' नावाचा लाल दिवा लागत असेल तर ती फायबरची तक्रार आहे, त्यासाठी लाईनमनच बोलवा.

दुसरी पायरी: स्टिकर वाचा

राऊटर उलटा करा. खाली 12 व्होल्ट 1 अँपिअर, 9 व्होल्ट 0.6 अँपिअर, 5 व्होल्ट 2 अँपिअर असं काहीतरी छापलेलं असतं. हाच खरा आकडा, अडॅप्टरवरचा नाही, कारण अडॅप्टर आधीच कुणीतरी बदललेला असू शकतो. जुळे सोलापूरमध्ये एका घरी 12 व्होल्टच्या राऊटरला सेट टॉप बॉक्ससोबतच्या सामानातला 9 व्होल्टचा अडॅप्टर लागलेला होता, दोन वर्षं, दिवे लागायचे म्हणून कुणाला शंकाच आली नाही.

त्यासोबत एक छोटं चित्र असतं, मध्ये ठिपका, भोवती अर्धगोल, दोन्ही बाजूला अधिक-उणे. ठिपक्याला अधिक जोडलेला असेल तर पिनच्या आतल्या भागात प्लस. बहुतेक राऊटर असेच असतात पण बघूनच घ्या, उलटा लागला तर राऊटर जाऊ शकतो.

तिसरी पायरी: लोडवर मोजा

इथं बरेच जण चुकतात, अगदी दुकानदार सुद्धा. अडॅप्टर नुसता बोर्डात लावून पिनवर मीटर धरतात, 12.2 दाखवतो, "चांगलाय की" म्हणतात. मोकळ्या बैलाला गाडी ओढायला लावल्याशिवाय त्याची ताकद कळत नाही, तसंच अडॅप्टरचं, राऊटर चालू असतानाच मोजलं पाहिजे.

त्यासाठी सीसीटीव्हीच्या सामानाच्या दुकानात, नवी पेठेच्या आसपास कुठंही, स्क्रूवाले डीसी कनेक्टर मिळतात, हिरवा ठोकळा आणि त्याला डीसी पिन. एक मेल आणि एक फिमेल घ्या. फिमेलचा प्लस मेलच्या प्लसला, मायनस मायनसला, वीतभर जाड वायरनं जोडा. राऊटरला लावण्याआधी मीटरनं पिनच्या आत प्लस येतोय का ते तपासा. आता अडॅप्टर फिमेलमध्ये, मेल राऊटरमध्ये, आणि मीटरची टोकं दोन्ही स्क्रूवर. मीटर डीसी 20 व्होल्टच्या रेंजवर ठेवा. टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

राऊटर पूर्ण चालू होऊ द्या, मग दोन-तीन फोनवर एकदम व्हिडिओ लावा, एकावर स्पीड टेस्ट चालू करा आणि आकडा बघत राहा. 12 व्होल्टचा अडॅप्टर 11.6 च्या वर स्थिर राहिला तर ठीक. 11.4 च्या खाली गेला किंवा आकडा नाचायला लागला तर तो काढायच्या लायकीचा झाला. 5 व्होल्टवाल्याला मोकळीक कमी, तो 4.75 च्या खाली जायला नको. आत्याच्या अडॅप्टरनं मोकळा असताना 12.2 दाखवले, राऊटरवर 11.3, आणि पोरांनी फोन चालू केल्यावर 9.9 वर येऊन नाचायला लागला.

आता कुणी विचारेल, आत 3.3 व्होल्टच लागतात ना, मग 9.9 मध्ये काय अडचण? अडचण अशी की मीटर सरासरी दाखवतो. अडॅप्टरचा मुख्य कपॅसिटर वाळला असेल तर सेकंदाला शंभर वेळा व्होल्टेज खड्ड्यात जातं आणि वर येतं, खड्ड्याचा तळ 9.9 पेक्षा बराच खाली असतो आणि तो मीटरला दिसत नाही, राऊटरच्या चिपला मात्र लागतो आणि ती रिसेट होते. ही खरखर मोजायला म्हणून काही जण मीटर एसीवर टाकतात. पिवळ्या स्वस्त मीटरमध्ये ते करू नका, त्याची एसीची सगळ्यात खालची रेंज 200 व्होल्टची असते आणि डीसी दिल्यावर ते मीटर एकतर दुपटीच्या आसपास किंवा शून्य असा भलताच आकडा दाखवतं, त्यातून चांगला अडॅप्टर पण खराब वाटेल.

राऊटर हाताशी नसेल तर टू-व्हीलरचा 12 व्होल्ट 10 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लोड म्हणून चालतो, तो साधारण 0.83 अँपिअर ओढतो, 1 अँपिअरच्या अडॅप्टरची परीक्षा घ्यायला बरोबर. पाच मिनिटं चालू ठेवा, व्होल्ट बघा आणि अडॅप्टर किती तापतो ते बघा. बल्ब पण तापतो, चादरीवर ठेवू नका.

एक कळकळीची सूचना, अडॅप्टर उघडू नका. आतल्या मुख्य कपॅसिटरवर 325 व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढल्यावर सुद्धा ते काही वेळ राहू शकतं. पन्नास रुपयांचा कपॅसिटर बदलायला जीव धोक्यात घालायचा नाही.

चौथी पायरी: नवीन अडॅप्टर निवडणं

व्होल्ट अगदी तेच. अँपिअर दीडपट ते दुप्पट घ्या, म्हणजे 1 अँपिअरच्या जागी 1.5 किंवा 2. राऊटरच्या यूएसबीला हार्डडिस्क लावत असाल तर 2 च घ्या, यूएसबी 3 चा पोर्ट 5 व्होल्टवर 0.9 अँपिअरपर्यंत देतो, म्हणजे साडेचार वॅट नुसते तिकडंच जातात.

बीआयएसचा, म्हणजे सरकारी भारतीय मानक ब्युरोचा, रजिस्ट्रेशन मार्क बघा, आयएस 13252 आणि खाली 'आर' पासून सुरू होणारा नंबर. हा नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतंय का ते दुकानात उभं राहूनच बघता येतं. वजनाकडं पण लक्ष द्या, 2 अँपिअर लिहिलेला आणि हातात खोक्यासारखा हलका लागणारा मी घेत नाही. सीसीटीव्हीसाठी येणारे चांगल्या कंपनीचे 12 व्होल्ट 2 अँपिअरचे अडॅप्टर राऊटरला व्यवस्थित चालतात, मी स्वतः तेच वापरतो. पण जाळीवाला पत्र्याचा एसएमपीएस (पॉवर सप्लायचा उघडा डबा) घरात राऊटरसाठी नको, त्याचे 230 व्होल्टचे स्क्रू उघडे असतात आणि व्होल्ट कमी-जास्त करायचा पेच पण असतो, लहान लेकरांच्या घरात तर अजिबात नाही.

पिन नीट जुळवा. बाहेरून दोन्ही 5.5 मिलिमीटरच्या दिसतात, आतलं भोक एकात 2.1 आणि एकात 2.5 असतं. राऊटरचा काटा 2.1 चा आणि तुम्ही 2.5 ची पिन घेतली तर ती जाते, राऊटर चालू पण होतो, पण सैल राहते, जरा धक्का लागला की बंद, आणि आत ठिणग्या पडून सॉकेट काळं होतं. दुकानात जाताना जुना अडॅप्टर सोबत न्या, सगळ्यात सोपं.

राऊटर किंवा फायबरचा डबा कंपनीचा असेल तर आधी त्यांच्याकडं अडॅप्टर मागा, बऱ्याचदा बदलून मिळतो, आणि वॉरंटीचा वाद राहत नाही.

पाचवी पायरी: बसवणं

आधी बोर्डचं बटण बंद, जुना काढा, नवीनची पिन राऊटरमध्ये पूर्ण आत लावा, मग बटण चालू. चालू अवस्थेत पिन खुपसायची सवय मोडा.

वायर वाढवायची असेल तर 230 ची बाजू वाढवा, म्हणजे चांगल्या एक्स्टेंशन बोर्डानं अडॅप्टर राऊटरजवळ न्या. डीसीची बारीक वायर लांबवली की व्होल्ट वाटेतच संपतात. हिशोब बघा, अर्धा स्क्वेअर एमएमच्या वायरनं 5 मीटर गेलात, जाऊन-येऊन 10 मीटर, तर 1 अँपिअरला साधारण 0.35 व्होल्ट जातात, 12 मध्ये ते खपून जातं. पण यूएसबी केबलमधल्या केसासारख्या तारेनं तेवढंच अंतर गेलात तर दोन व्होल्टच्या आसपास जाऊ शकतात, आणि 5 व्होल्टचा राऊटर तिथंच मान टाकतो.

अडॅप्टर मोकळ्या हवेत राहू द्या. मिक्सर, फ्रिज, मोटार ज्या बोर्डावर आहेत तो टाळा. अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या, जुन्या घरांत तिसरं भोक असतं आणि मागं वायरच नसते, अशा ठिकाणी स्पाईक गार्ड लावून पूर्ण उपयोग होत नाही. अडॅप्टर आणि जास्तीची गुंडाळलेली वायर अँटेनाला चिकटून ठेवू नका, वीतभर अंतर ठेवा.

लाईट गेल्यावरचं काय

घरात इन्व्हर्टर असेल तर राऊटरचा पॉइंट त्यावर घ्या. नसेल तर राऊटरचा मिनी यूपीएस घ्या, पण आऊटपुट स्थिर 12 व्होल्ट देणारा. काही स्वस्त डब्यांत तीन लिथियम सेल सरळ जोडलेले असतात, ते भरलेले असताना 12.6 देतात आणि उतरत उतरत 9 च्या आसपास येतात, म्हणजे आपण जो रोग काढला तोच परत. वर सांगितलेल्या हिरव्या कनेक्टरनं लाईट बंद करून अर्धा तास व्होल्ट बघा, लगेच कळतं.

किती वेळ चालेल ते डब्यावरच्या आकड्यावरून असं काढा. 8000 एमएएच हे बहुतेक वेळा 3.7 व्होल्टच्या सेलचं असतं, म्हणजे साधारण 29.6 वॅट-तास, त्यातले 80 टक्के हाताला लागतात असं धरलं तर 24 च्या आसपास. राऊटर आणि फायबरचा डबा मिळून 10 वॅट खात असतील तर सव्वादोन तास. सेल जुने झाले की त्याहून कमी.

पॉवरबँकवरून 5 चे 12 व्होल्ट करणारी केबल मिळते, ती 1 अँपिअरच्या राऊटरला पूर्ण लोडवर पुरत नाही, कारण 12 वॅट द्यायला 5 व्होल्टच्या बाजूनं जवळपास 2.8 अँपिअर लागतात आणि साधी पॉवरबँक 2 वरच थांबते. टाईप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जरकडून ठरावीक व्होल्ट मागून घेणाऱ्या ट्रिगर केबलबद्दल पण सावध राहा, पीडीच्या ठरलेल्या पायऱ्या 5, 9, 15 आणि 20 व्होल्टच्या आहेत, 12 द्यायचे की नाही हे चार्जर बनवणाऱ्यावर असतं, नसतील तर काही केबल गुपचूप 9 वर जातात. आधी मोजा, मग राऊटरला लावा.

शेवटची पायरी: फरक पडला का ते आकड्यात बघा

अडॅप्टर बदलण्याआधी आणि नंतर, एकाच जागेवर, एकाच फोननं, शक्यतो संध्याकाळी त्याच वेळेला तपासा. वायफाय अ‍ॅनलायझरसारखं अ‍ॅप घ्या, त्यात सिग्नल उणे आकड्यात दिसतो, उणे 40-50 म्हणजे जवळचा दणदणीत, उणे 67 पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे 80 च्या पुढं कठीण. हा आकडा अडॅप्टर बदलून फारसा हलणार नाही, हे आधीच मनाशी धरा. हलतं ते बाकीचं: स्पीड टेस्ट तीनदा केली तर तिन्ही आकडे जवळजवळ येतात, पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, उड्या मारत नाही, 5 गिगाहर्ट्झ टिकून राहतं आणि अपटाईम वाढत जातो. महिन्याभरानं आत्याकडं गेलो तेव्हा अपटाईम सव्वीस दिवसांच्या वर होता, ते पण मध्ये लाईट जायची तेव्हा नंतर बसवलेल्या मिनी यूपीएसनं सांभाळलं म्हणून.

नवीन अडॅप्टरवर मार्करनं व्होल्ट, अँपिअर, महिना आणि 'राऊटर' असं लिहून ठेवा, म्हणजे सेट टॉप बॉक्सवाला येऊन अदलाबदल करून जाणार नाही. जुना खराब अडॅप्टर मात्र ड्रॉवरमध्ये ठेवू नका, कुणीतरी गडबडीत परत लावतं. तो बोर्डातून काढून अर्धा तास बाजूला ठेवा, मग त्याची डीसी वायर पिनपासून वीतभर ठेवून कापा, डबा ई-कचऱ्यात द्या, आणि ती कापलेली पिन हिरव्या कनेक्टरला जोडून शेजारच्या घरचा अडॅप्टर मोजायला ठेवा.